आईची पाठ केलेली उत्तरं

मी मुलुंडच्या एका शाळेत चौथीला शिकवते. तपासणीला साहेब येणार असले की आदल्या आठवड्यात पोरांकडून उत्तरं घोकून घ्यायची, यात आमच्याकडे कुणालाच काही वावगं वाटत नाही. मी तर त्यात पटाईत. अगदी मागच्या बाकावरच्या पोरालाही असा तयार करते की साहेब मान डोलावून निघून जातात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्या याच खोडीमुळे झालं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

आईला अल्झायमर असल्याचं दोन वर्षांपूर्वी कळलं. गोळ्या चालू होत्या, पण विसरणं वाढतच होतं. शाळेत कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चरचं नाव काढलं आणि मी लगेच ठरवूनच टाकलं. माझा धाकटा भाऊ नितेश बोरिवलीला राहतो. तो फोनवर हसला.

“ताई, सुया टोचून आठवण परत येते होय? कशाला म्हातारीचे हाल करतेस?”

“तिकडे बसून शहाणपण शिकवू नको रे. आई माझ्याकडे असते ना? मग मी बघते काय ते.”

सुया लावणाऱ्या वसुधाताईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. “आजार बरा होईल असं मी म्हणणार नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत. सहा वेळा करून बघू. फरक दिसला नाही तर थांबायचं, उगाच टोचत बसायचं नाही.” सुया लावण्याआधी दर वेळी त्या आईला तेच तीन प्रश्न विचारायच्या: आज वार कोणता, सोबत कोण आलंय, राहता कुठे. आई काय म्हणाली ते फाइलमध्ये लिहायच्या.

पहिल्या दिवशी आईला तिन्हींची उत्तरं आली नाहीत. सुया केसासारख्या बारीक होत्या, पण तिने माझी ओढणी मुठीत घट्ट धरून ठेवली. मला मात्र काळजी वेगळीच लागली होती. सहा वेळा असंच झालं तर नितेशला काय तोंड दाखवू?

दुसऱ्या वेळेपासून मी तिची तयारी घ्यायला लागले. सकाळी चहा पुढे ठेवायचा आणि विचारायचं. वार कोणता? मी कोण? सुलक्षणा, तुझी मुलगी. म्हण. पुन्हा म्हण. चुकली की मी कप बाजूला सरकवायची. चौथीतल्या पोराशीही मी असं वागले नसते. एकदा तर वैतागून म्हणाले, “नीट सांग, नाहीतर त्या टोचतील.” ती घाबरली आणि तिने तिन्ही उत्तरं धडाधड म्हटली. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरंच वाटलं.

सहाव्या वेळी आईने सगळं बिनचूक सांगितलं. वसुधाताई खूश झाल्या. “फरक आहे हं. आता थांबायला नको, अजून दहा वेळा करू.” मी रिक्षातूनच नितेशला फोन लावला. तो म्हणाला, “चुकलो ताई. तुझंच बरोबर होतं.” ते वाक्य मी पुढचे चार दिवस मनात घोळवत होते.

नवव्या वेळेला आई खुर्चीवर बसली. वसुधाताई अजून हात पुसत होत्या, त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. आई ताठ बसून म्हणाली, “शनिवार. सुलक्षणा, माझी मुलगी. मुलुंड, गव्हाणपाडा.” मग माझ्याकडे वळली आणि शाळेतल्या बाईंना विचारावं तसं, तिच्या मालवणीत हळूच म्हणाली, “बाईनू, सगळा बरोबर सांगितलंय मां? मगे आज सुयो नको.”

वसुधाताईंचे हात थांबले. “आजी, बाई कोण?”

आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

“आणि सुलक्षणा कुठे आहे?”

आईने सगळ्या खोलीत पाहिलं. मला ओलांडून दाराकडे पाहिलं. मग नकारार्थी मान हलवली.

“तुम्ही पाठ करून घेता?” वसुधाताईंनी मला विचारलं.

“हो.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या वेळेपासून.”

त्यांनी फाइल मिटली. “सहाव्या वेळेला मी थांबणार होते. त्यांना त्रास होतो हे मला दिसत नव्हतं का? केवळ ही उत्तरं ऐकून मी पुढे टोचत राहिले. आणि त्या बिचाऱ्या सुटका होईल म्हणून उत्तरं देत होत्या. कळतंय का तुम्हाला, काय केलंत ते?”

मला कळत होतं. सुई चुकावी म्हणून आई घोकत होती, आणि तिचं प्रत्येक बरोबर उत्तर तिला पुन्हा याच खुर्चीवर आणून बसवत होतं. मी मान खाली घातली.

आईला बोलणं कळलं नसावं, पण बोलण्यातला राग कळला. तिने पदर सावरला, बाहीचं टोक वर सरकवलं आणि हात वसुधाताईंच्या पुढे धरला.

“बाईंका बोला नकात,” ती म्हणाली. “माजाच चुकला. टोचा.”