थोरलीचा टाक

वाशीच्या धान्यबाजाराला अमावास्येची सुट्टी, म्हणून हमालांनी सहलही अमावास्येलाच काढली. अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड, सगळा किनारा एका दिवसात उरकायचा बेत! ड्रायव्हर झहूर मुरूडकडचा. निघतानाच तो म्हणाला होता, "आज आवस हाय, पान्याला उधान येल. जपून ऱ्हा." पण या साताऱ्याकडच्या हमालांना उधाण म्हणजे काय, हे सांगून थोडंच कळणार?

राजलक्ष्मी सासूशेजारी खिडकीत बसली होती. नवरा, बाबासो, पुढे गड्यांत. तो काही मुका नव्हता. बाजारात त्याच्या आरोळीनं कबुतरं उडायची. घरात मात्र 'जेवान', 'पानी', 'निजतो' एवढ्यावर त्याचा संसार भागायचा.

ती त्याची दुसरी बायको. पहिली, भागीरथी, वारली आणि वर्षानं ही आली. लग्नाच्या दिवशीच सासूनं, वेणूबाईनं, तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक बांधला. नखाएवढ्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती, म्हणजे मेलेली सवत. "ती थोरली, तू धाकली. आधी तिचं, मग तुजं," वेणूबाईनं बजावलं होतं. "आन जप. टाक हरवला की धाकली लाभत न्हाई." तेव्हापासून नवं लुगडं आधी टाकाला, मग अंगाला. पहिला घास आधी टाकाला, मग तोंडात. नऊ वर्षांत एकदा चुकलं नव्हतं.

नागावच्या वाड्या आल्या तशी तिनं टाक चिमटीत धरून काचेला लावला आणि पुटपुटली, "बगा अक्का, नारळ."

काशीदला बस थांबली. पांढरी वाळू, पुढे सगळा दर्याच दर्या. बायका पदर खोचून पाण्यात धावल्या. राजलक्ष्मी मात्र काठावरच थांबली. अक्कांची आंघोळ झाल्याशिवाय आपण पाय कसा भिजवायचा? तिनं दोरा गळ्यातून काढला, वाकली आणि टाक पाण्यात बुडवला.

लाट आली ती थेट छातीवर. राजलक्ष्मी आपटली, नाकातोंडात पाणी गेलं. धडपडत उठली आणि मूठ उघडली. मुठीत नुसता दोरा होता, घामानं कुजलेला, तुटका.  ती वाकून दोन्ही हातांनी पाण्यात चाचपू लागली.

ओरडली ती वेणूबाई. "टाक गेला! अरं, थोरली गेली!"

बाबासो वाळूवर बसून भेळ खात होता. हातातला कागद टाकून तो धावला आणि कपड्यांसकट समुद्रात शिरला. पोहण्याच्या नावानं शून्य! छातीभर पाण्यात लाटांवर हात मारत तो ओरडू लागला, "भागू! ए भागू!"

 अक्कांना कुणी भागू म्हणत असेल, हे राजलक्ष्मीला ठाऊकच नव्हतं. आणि तिला स्वतःला? 'अगं'च्या पुढे त्या माणसानं कधी हाक मारली नव्हती. चौघांनी ओढून त्याला बाहेर काढलं तरी तो मागे वळून समुद्राकडेच बघत होता.

 नंतर झहूरनं बस वाटेत कुठेच न थांबवता मुरूडला आणली.

मुरूडच्या खानावळीत ताटं आली. राजलक्ष्मीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि सवयीनं हात गळ्याकडे गेला. तिथे नुसती कातडी. हात तसाच राहिला. सगळ्यांनी बघितलं.

"वाशीला गेल्यावर सोनाराकडनं दुसरा करू," वेणूबाई हळूच म्हणाली.

"नको, आये," बाबासो म्हणाला. "बाजारात नवा लागलो तवा भागूला म्हनलो व्हतो, दर्या दावतो. न्हाई दावला. आता ऱ्हाऊ दे तिला हितंच. हिचाबी गळा सुटंल."

बायकांनी डोळ्यांना पदर लावला. शहाण्यासारखं बोलला, असंच सगळ्यांना वाटलं.

"न्हाई. टाक करायचा," राजलक्ष्मी म्हणाली.

"अगं, त्यो तुला सोडवतोय न्हवं?" वेणूबाई चकित झाली.

"मला सोडवा म्हनलं कुनी?" राजलक्ष्मीचा आवाज चिरकला. सगळ्या खानावळीनं माना वळवल्या. "नऊ वर्सांत तुमी माज्यासंगं बोलला किती? पोटातलं समदं मी अक्कांना सांगत आले. तुमी दोगं गावच्या जत्रंला गेलासा, हिकडं माजं पोटातलं पोर गेलं, तवा कोन व्हतं माज्यापाशी? अक्काच व्हत्या. आता कुनाला सांगू?"

वेणूबाईच्या हातातलं पाणी ताटात सांडलं. बाबासोनं ताट बाजूला सारलं. 

"पोर? कवा?" त्यानं विचारलं.