राहिलेला नमस्कार

ज्ञानेश्वर देवस्थळी हे काही धावणाऱ्यांतले नव्हेत. डोळ्यांदेखत ट्राम सुटत असली तरी हे आपले रमतगमत जायचे, आणि वर ऐकवायचे की दुसरी येतेच आहे, पळून कुठे सोनं लुटायचंय? अशा माणसाच्या छातीवर सत्तरीत शर्यतीचा नंबर लागला, म्हटल्यावर नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळींनी भुवया उंचावल्या नसत्या तरच नवल.

कारण होतं त्यांच्या पत्नीचा, सुप्रभाताईंचा गुडघा. लढाईत कामी आलेल्या सैनिकांसाठी दर नोव्हेंबरात नदीकाठच्या रस्त्यावर शर्यत व्हायची आणि ताई दरवर्षी एकट्या जायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा, अनय, सैन्यात मेडिक होता. अफगाणिस्तानात जखमींना उचलून आणायला गेला आणि त्यातच गेला. शर्यतीच्या मध्यावर रस्त्याच्या कडेने अशा मुलांचे फोटो काठ्यांवर लावलेले असतात. आपल्या माणसापुढे थांबायचं, मान लववायची आणि मग पुढे निघायचं, अशी तिथली रीत. यंदा ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि धावणं बंद.

ज्ञानेश्वरराव इतकी वर्षं तिकडे फिरकले नाहीत, ते या मान लववण्यापायी. लोक म्हणत, बाप दगडाच्या काळजाचा आहे. दगड कसला डोंबलाचा! पोरगं अफगाणिस्तानला निघालं त्या दिवशी हे हॉस्पिटलात ड्यूटीवर होते, एका पेशंटला भूल देत होते. बाहेर आल्यावर अनयचा फोन आला. "बाबा, तुम्ही थिएटरमध्ये होता. आईला नमस्कार केला, तुमची राहिली. आल्यावर करतो." इथेच जन्मलेला मुलगा, त्याच्या मराठीचं हे असंच चालायचं. एरवी ज्ञानेश्वरराव लगेच सुधारायचे, पण त्या दिवशी पुढचा पेशंट टेबलावर होता. बरं म्हणाले आणि आत गेले.

तेव्हापासून त्यांच्या मनाने एकच धरून ठेवलं होतं. नमस्कार त्याच्याकडून यायचाय. आपणच त्याच्यापुढे वाकलो, तर तो आता येणार नाही, करणार नाही, हे आपल्या तोंडाने कबूल केल्यासारखं. आणि बापाने मुलापुढे वाकायचं, ही कुठली उलटी गंगा? माणसं झोपवण्यात आणि उठवण्यात जन्म गेलेला डॉक्टर. कोण उठतं आणि कोण नाही, हे त्यांना शिकवायला नको होतं. पण मनाला कुठे डिग्री असते?

सुप्रभाताईंनी वाद घातला नाही. नवे बूट आणून त्यांच्या खुर्चीपाशी ठेवले आणि एवढंच विचारलं, "अहो, यंदा त्याच्यापुढे कुणीच थांबायचं नाही का?"

ज्ञानेश्वररावांनी बूट पायात घालून बघितले.

शर्यतीच्या सकाळी नदीवरून वारा असा सुटला होता की कानटोपीतूनही कान दुखत होते. ज्ञानेश्वरराव थोडं धावत, बरंचसं चालत निघाले. कॉलेजच्या मुली मागून येऊन 'वेल डन, सर' म्हणत पुढे गेल्या, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे फोटो सुरू झाले. पिवळा रेनकोट घातलेली एक स्वयंसेविका वाऱ्याने ढिल्या झालेल्या काठ्या हातोडीने पुन्हा ठोकत, एकेका फोटोपाशी जात होती. अनयपर्यंत ती अजून पोचली नव्हती.

अनय हसत होता. टोपी जरा तिरकीच. शाळेतही टाय कधी सरळ बांधला नाही बेट्याने. शेजारच्या फोटोंपुढे लोक थांबत होते, मान लववत होते, डोळे पुसून पुढे जात होते. ज्ञानेश्वरराव मात्र ताठ उभे राहिले. सुप्रभासाठी एवढं तरी करावं, असं मनाला बजावलं, पण मान काही हलेना. न वाकताच परत जायचं आणि तिला काय सांगायचं, या विचाराने त्यांना रडूच फुटलं.

एवढ्यात वाऱ्याचा जोराचा झोत आला. अनयची काठी डगमगली, पुढे झुकली, आणि फोटो सावकाश त्यांच्या बुटांवर येऊन टेकला.

ती बाई सॉरी सॉरी करत धावत आली. ज्ञानेश्वररावांनी हात करून तिला थांबवलं. आणि घरातलं पोर पाया पडलं की जे आपसूक तोंडी येतं, तेच त्यांच्या तोंडून गेलं, "औक्षवंत हो."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मग खाली बसले, फोटोला दोन्ही खांद्यांशी धरून उठवलं आणि बाईने काठी पक्की ठोकेपर्यंत तसाच धरून ठेवला.

शेवटच्या रेषेपाशी सुप्रभाताई कुबडी टेकून उभ्या होत्या. सगळे पोचून गेले तरी यांचा पत्ता नाही, म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता. हे चालत आले. ताईंनी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली आणि हळूच विचारलं, वाकलात का म्हणून.

"नाही," ज्ञानेश्वरराव म्हणाले. "त्यानेच केला नमस्कार. राहिला होता ना." आणि काठी कशी पडली ते सांगितलं.

ताईंची नजर त्यांच्या बुटांवर गेली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

त्यांनी चाचरत सांगितलं. असलं भलतंच तोंडातून गेलं, असंही म्हणाले.

"भलतं काय त्यात?" ताई शालीचं टोक त्यांच्या गळ्याशी खोचत म्हणाल्या. "आईबाप दुसरं काय म्हणणार?"