बुडाकडून आलेली बाटली

शेंद्र्याच्या त्या कारखान्यात फिनाईलच्या बाटल्या बनतात, आणि बाटल्या बनवणारं मशीन म्हणजे सरळ सांगायचं तर एक मोठं उभं चाक. चाकावर साचे बसवलेले. गरम प्लास्टिकची नळी सुटते, साचा ती दातांत धरतो, आत हवा फुंकली जाते आणि चाक टप्प्याटप्प्यानं फिरेपर्यंत बाटली गार होते. मग साचा उघडतो. तिथं आता बाटली काढायला लोखंडी हात बसवलाय. त्याआधी तिथं रूपा उभी असायची.

रूपानं काढलेली बाटली पट्ट्यावरून गोजरबाईकडे यायची आणि गोजरबाई सुरीनं तिच्या कडेची जास्तीची पापडी कापायची. आवाज असा, की शेजारच्याला हाक मारायची तरी घसा बसावा. तरी दोघी बोलत. रूपा बाटली नेहमी तोंड पुढं करून ठेवायची. एखादी मुद्दाम बुडाकडून पाठवली, की गोजरबाईनं समजायचं, आज पोरीनं डब्यात काही खास आणलंय, जेवायला थांबायचं. यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. वाटू द्या. घरी गेल्यावर ज्यांच्याशी कुणीतरी बोलतं, त्यांना असंच वाटतं.

गोजरबाईच्या खोलीत बोलायला कुणी नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला, त्याचा फोन "जेवलीस का"च्या पुढं जात नसे. दिवसभरात तिचं खरं बोलणं व्हायचं ते त्या पट्ट्यावर आणि मग जेवणाच्या सुट्टीत, पत्र्याच्या शेडखालच्या बाकड्यावर.

लोखंडी हात बसवायला कारणही तसंच घडलं होतं. दिवाळीनंतर एकदा साचा मिटायच्या आत रूपाला मनगट काढून घेता आलं नाही. हाड वाचलं, कातडी गेली. त्यामुळे गोजरबाईची पंचाईत झाली होती. त्या लोखंडी हाताला मनसोक्त शिव्या द्याव्यात, तर प्रत्येक शिवीच्या आधी रूपाचं मनगट आठवायचं.

रूपाला रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये लेबलं लावायला घातलं. पगार तोच, पण जेवणाची सुट्टी वेगळी. सुपरवायझर रामकिसन म्हणाला होता, "महिनाभर बघू. ह्यो लोखंडी हात नीट नाय चालला तर पुन्हा रूपालाच उभं करू." या एका वाक्यावर गोजरबाई दिवस काढत होती. बिघड मेल्या, असं ती रोज मनात म्हणायची. तो काही बिघडत नव्हता. चिमट्यात बाटलीची मान धरायचा आणि पट्ट्यावर ठेवायचा, तोंड पुढं. सगळ्या बाटल्या तोंड पुढं.

सुरुवातीला रूपाचे फोन आले. मग तिला तिकडं सायली म्हणून कुणी मैत्रीण मिळाली आणि फोनवर सायलीचंच कौतुक जास्त येऊ लागलं. पुढं फोनही कमी झाले. गोजरबाईला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

महिना संपत आला होता. एका दुपारी, सुट्टीच्या जरा आधी, एक बाटली बुडाकडून आली.

गोजरबाईनं हसून मान वर केली. समोर लोखंडी हात. ती वेडी नव्हती, कळत होतं सगळं. पण फिटर इंद्रजीत सकाळी पलीकडच्या शेडमध्ये गेला होता. रूपानं सुट्टी बदलून घेतली असेल आणि इंद्रजीतला सांगून ही बाटली फिरवून घेतली असेल. आस एकदा लागली की असला हिशेब चुटकीसरशी जुळतो. सुट्टी झाली तशी ती बाकड्यावर जाऊन बसली. डबा उघडला नाही. रस्ता ओलांडून कुणी आलं की मान उंच करून बघत राहिली. परतीची घंटा झाली तेव्हा तिनं भाकरी तशीच पिशवीत ठेवली.

कामावर परतली तर बुडाकडून आणखी बाटल्या येत होत्या. काही आडव्या, काही खाली पडलेल्या. चिमट्याचं रबर झिजलं होतं, एवढीच गोष्ट होती. इंद्रजीत दुसऱ्या मशीनवर गुंतलेला. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. संध्याकाळपर्यंत खच पडला असता, रामकिसननं तो बघितला असता आणि रूपा पुन्हा समोर आली असती.

गोजरबाई गप्प राहिली. बराच वेळ राहिली, खोटं कशाला बोला.

मग एक बाटली चिमट्यातून निसटून साच्यातच अडकली. साचा तिच्यावर मिटला. पुढं पट्ट्यावर आली ती चपटी, मधोमध चिरडलेली. गोजरबाईनं ती उचलली. चिरडलेली जागा साधारण रूपाच्या मनगटाएवढी रुंद होती. तिनं सुरी ठेवली, लाल बटण दाबलं आणि इंद्रजीतला बोलवायला गेली.

इंद्रजीतनं नवं रबर बसवलं आणि हात दोन-चार वेळा चालवून बघितला. "लई बरं झालं मावशी, तू सांगितलं. आता एकबी बुडाकडून येणार नाय."

"व्हय," गोजरबाई म्हणाली.

चाक फिरलं. बाटली आली, तोंड पुढं. तिनं पापडी कापली आणि पुढच्या बाटलीसाठी हात पुढं केला.