साबणाची चीप

नणंद दुकान सोडून गेली तेव्हा आपली कात्री तेवढी घेऊन गेली. झालं होतं एवढंच, की शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर वहिनी बोलून गेली, "हिचा हात आता पूर्वीचा राहिला नाही." त्यानंतर फोन वाजायचा, उचलला जायचा नाही. इकडे कोटांची ऑर्डर कॉलरीपाशी अडलेली, आणि कॉलर बसवावी ती नणंदेनंच.

"जाऊन माफी माग," नवरा म्हणाला.

"दार उघडलं तर मागेन ना. तुझीच बहीण ती." वहिनी निश्चिंत होती. "आणते बघ तिला."

सकाळी मशीनला तेल दिलं की वहिनी फोनवरचं शब्दकोडं उघडायची. सोळा शब्द, त्यांचे चार-चारचे गट लावायचे, आणि मग कोड्याच्या पानावर अनोळखी लोकांशी हुज्जत घालायची. यात आपला हात धरणारं कोणी नाही, असं तिचं स्वतःचं मत. त्या दिवशी मात्र पहिल्याच गटात आपटली. सुई, दोरा, कात्रीबरोबर तिनं साबण लावला. कोड्याला हवी होती टेप. साबण गेला बादली-टॉवेलबरोबर.

तिनं ते पानावर लिहून टाकलं. लोकांना आयतं सापडलं. "काकू, कपडे शिवता की धुता?"

तेवढ्यात 'तिरकी टीप' नावाच्या कुणीतरी लिहिलं, "मीही साबणच लावला. खडू चिकटून बसतो, साबण आपला गुमान निघून जातो."

वहिनीचा कप हातातच राहिला. काळ्या कापडावर वाळक्या साबणाच्या चिपेनं खुणा करायच्या, ही सासऱ्यांची शिकवण. आणि हे वाक्यही त्यांचंच, शब्दन् शब्द. ते गेल्यापासून दोघींखेरीज कुणाला ठाऊक असणार?

तिनं लिहिलं, "गुमान निघून गेलेल्या साबणानं आता परत यावं. कॉलरी वाट बघतायत."

उत्तर आलं, "वहिनी, तू होय. चारचौघांत बोललीस, चारचौघांत मागे घे."

चारचौघं कसली, पानावर अख्खं गाव गोळा झालं होतं. वहिनीनं बेधडक लिहिलं, "माझ्या नणंदेसारखी कॉलर कुणाला बसवता येत नाही. मला तर नाहीच. मी चुकले."

दुपारी दार लोटून नणंद आत आली. पिशवीतून कात्री काढून टेबलावर ठेवली, ढिगातला वरचा कोट ओढला आणि न बघताच हात पसरला. वहिनीनं त्यावर साबणाची चीप ठेवली.

"टेप सोडलीस?" नणंद म्हणाली. "शिवणाऱ्या बाईनं?"

"तू काय सोडलंस?"

नणंदेनं कापडावर आधी एक सरळ रेघ ओढली.

"सुई."