पितळेच्या नळीतली चाल

अंधेरीच्या त्या दोन खोल्यांत राहायला माणसं दोनच, पण वाजणाऱ्या वस्तूंना मोजदाद नव्हती. तबला, सतार असलं काही नव्हे. ते काय, शिकलं की कुणालाही वाजवता येतं. श्यामकांतांना हवी असायची ती किल्ली दिली की आपली आपण वाजणारी वाद्यं. तासाला सूर काढणारं घड्याळ, भोकाभोकांच्या पत्र्याच्या चकतीवर चालणारा डबा, कागदाची गुंडाळी गिळत गाणारा हातबाजा, पिंजऱ्यात मान हलवून शीळ घालणारा चिमुकला पक्षी. "कुणी गाणं भोकांत ठेवतं, कुणी खिळ्यांत. काय डोकं असतं एकेकाचं!" असं ते ऑफिसात ज्याला त्याला ऐकवत. ऐकणारा हळूच फाईल उघडे.

सगळ्यांत लाडकी पेटी मढच्या एका बंगल्यातली. मालक विलायतेला निघाले तेव्हा हिनं यांचं घर गाठलं. आत पितळेची जाड नळी, तिच्यावर केसाएवढे बारीक असंख्य खिळे. नळी फिरली की खिळे पोलादी फणीचे दात छेडत आणि एक परकी चाल उमटे. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक उत्तरा त्या चालीवर गिरक्या घेई. घटसर्पानं ती गेली आणि तिच्या आईनं, पद्मजाबाईंनी, पेटीचं तोंड बंद केलं. "ही पुन्हा लावलीत तर मी या घरात राहणार नाही," एवढंच म्हणाल्या.

श्यामकांतांनी लावली नाही. चाल कुठं जातेय? नळीत सुखरूप आहे. कधीतरी बायकोच आपणहून म्हणेल, लावा. एवढ्या एका आशेवर माणूस तग धरून होता.

खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात; यांची हत्यारं म्हणजे ही वाद्यं. आदल्या संध्याकाळी ते पेटी उघडत, नळी बाहेर काढत आणि मऊ कुंचल्यानं धूळ झटकत. त्या वर्षी काम अर्धं राहिलं. नळी वर्तमानपत्रावर तशीच ठेवून ते सकाळी ऑफिसला गेले. हात लावू नकोस, हे सांगायचं सुचलंही नाही. बाई त्या कोपऱ्याकडे फिरकत कुठं होत्या?

संध्याकाळी आले तर पाटावर विळी, कात्री, आणि मधोमध झेंडूचं फूल वाहिलेली नळी. नुसती लखलखत होती.

"अहो, बघा तरी!" पद्मजाबाई म्हणाल्या. "देवाच्या भांड्यांबरोबर घासली. चिंच लावली, मग विटेची पूड. वर गंजके काटे होते ना, ते काही केल्या निघेनात. मग विटेच्या तुकड्यानंच घासून काढले." मग आवाज खाली आला. "म्हटलं, आज लावू या. पोरीवर किती वर्षं रुसून बसायचं?"

श्यामकांतांनी नळीवरून बोट फिरवलं. बोट कुठंच अडलं नाही. ओरडावं, पाट भिरकावून द्यावा असं वाटलं. पण समोर बायको ठेवणीतलं पातळ नेसून, मांडीवर हात ठेवून ऐकायला बसली होती. तिला काय बोलणार? त्यांनी नळी पेटीत बसवली, स्क्रू पिळले, किल्ली दिली.

नळी फिरू लागली. एक दात टणकन वाजला. बऱ्याच वेळानं आणखी एक.

"सुरू कधी होणार?"

"झालीय."

बाई नळीकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "ते काटे... तेच गाणं होतं?"

"जुनी झाली होती गं ती. तुझं काही नाही." हे खोटं त्यांना धड बोलताही आलं नाही. बाईंनी पदर तोंडात कोंबला.

"रडू नकोस. चाल आपल्याला पाठ आहे की!" ते घाईघाईनं गुणगुणू लागले. पहिली ओळ आली. दुसरीत भलतंच कुठलंतरी भजन शिरलं. ते थांबले, पुन्हा पहिल्यापासून लागले, पुन्हा तिथंच अडले. "तू म्हण. तू तर दिवसभर ऐकायचीस."

पद्मजाबाईंनी डोळे मिटले. पहिली ओळ त्यांनाही आली.

"इथं ती गिरकी घ्यायची," त्या म्हणाल्या. "याच्या पुढचं म्हणा ना."

पुढचं दोघांनाही येत नव्हतं.