फोनमावशीसाठी खोटे फोन

वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्तीचं ते दुकान बारकीचं. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून बारकी. केसांत पांढरं डोकावू लागलं तरी मावशीच्या तोंडी तेच नाव. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं. दुकान काढलं तेव्हा पहिल्या सकाळी देवाचं नाव घेऊन मावशी फोनपाशी जी बसली, ती बसलीच. गिऱ्हाइकं तिला फोनमावशीच म्हणायची.

मावशीचा फोन म्हणजे पाहुणचार. मशीन उड्या मारतंय म्हणून कुणी फोन करावा, तर आधी सासूबाईंचे गुडघे, मग लेकाची परीक्षा, आणि सगळ्यांत शेवटी मशीन. तोवर मागच्या दोघा-चौघांनी लाइन लागत नाही म्हणून कोपऱ्यावरचं दुसरं दुकान गाठलेलं असे. बारकीने बरेच दिवस कानाडोळा केला. पण पुढे पुढे दुकानातल्या मिस्त्रीचा पगार भागवताना तिच्या तोंडाला फेस येऊ लागला. शेवटी तिने मनाचा हिय्या केला आणि फोन घेण्याचं काम बाहेर दिलं. दूरच्या शहरात एक कंपनी होती. तिथली मुलगी दुकानाचं नाव सांगून फोन घ्यायची, पत्ता आणि तक्रार बारकीच्या मोबाइलवर पाठवायची. काम चोख, खर्च बेताचा.

दुकानाच्या पाटीवर नवा नंबर लागला. जुना फोन मात्र मावशीच्या टेबलावर तसाच राहिला.

"हा कसला गं नंबर?" मावशीने विचारलं.

"जास्तीचा आहे," बारकी पुटपुटली आणि मशीनचा ड्रम उघडायला आत पळाली. ज्या हाताने घास भरवले, त्या हातातलं काम काढून घेतलं हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आठवडाभरात जुना फोन मुका झाला. मावशी तो पुसायची. मधूनच रिसीव्हर उचलून आवाज येतोय का बघायची आणि हलकेच ठेवायची. बारकीला ते बघवेना. घास घशाखाली उतरेना. मग तिने एक शक्कल काढली. त्याच कंपनीला सांगितलं, रोज तीन-चार वेळा या जुन्या नंबरवर फोन करायचा. गिऱ्हाईक असल्यासारखं काहीतरी विचारायचं आणि 'नवऱ्याला विचारून सांगते' म्हणून ठेवायचं, म्हणजे मिस्त्रीला कुठे पाठवायला नको. कंपनीचं काय जात होतं? त्यांनी त्याचे वेगळे पैसे लावले.

मिस्त्रीला हे कळलं तेव्हा पाना हातातच राहिला त्याच्या. "ताई, हिशेब सांगू का? मावशींचं काम त्या मुलीला दिलं. आता त्या मुलीला पैसे देऊन मावशींसाठी काम आणलं. आणि दोन्हीकडून गब्बर कोण, तर कंपनी! यापेक्षा मलाच सांगायचं होतं. मी बाईचा आवाज काढला असता."

"तुम्ही गप्प बसा हो."

पण फोन वाजू लागला आणि मावशीचा चेहरा खुलला. दोन दिवसांनी ती म्हणाली, "बारके, हल्लीच्या बायकांना झालंय तरी काय? फ्रिज नीट करायचा तर नवऱ्याला विचारते म्हणतात. चार फोन, चारही नवऱ्याला विचारणार! आमच्या वेळी तरी एवढं नव्हतं."

मिस्त्री फ्रिजमागे तोंड लपवून हसला. बारकीला मात्र हसू आलं नाही. आपण मावशीला खेळवतोय, हे तिच्या मनाला सारखं टोचत होतं. रोज ठरवायची, आज सांगून टाकू. आणि रोज कुठलं तरी मशीन उघडून बसायची.

एके दिवशी ती बँकेतून परतली. मागच्या दाराने आत येते तो मावशीचं बोलणं कानावर पडलं.

"आधी पाणी पिऊन ये बघू. धरून ठेवते मी फोन. पळ."

मग मावशी स्वस्थ बसून राहिली, रिसीव्हर उजव्या कानाला, दुसऱ्या हातात जपमाळ. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आलीस? बरं वाटलं? आता थोडी टेक. मी फ्रिजबद्दल बोलत राहते, तू नुसतं हूं म्हण."

बारकी दारातच थबकली. मावशीने फोन ठेवला आणि समोरच्या काचेत तिची सावली बघून, मान न वळवता म्हणाली, "ये पुढे. दारात किती वेळ उभी राहशील?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. फ्रिजचा कुठला भाग वाजतो विचारलं, तर म्हणे डावा! पोरीच्या घरी फ्रिजच नाही गं. दुसऱ्या दिवशी जरा मायेने विचारलं, तर रडायलाच लागली."

बारकी तिच्या पायाशी खाली बसली. आता सगळं एकदम बाहेर पडलं: पाटी, कंपनी, पगाराची ओढाताण. "मावशी, तुझं काम मी काढून घेतलं. तुला सांगायची छाती झाली नाही."

मावशी चक्क हसली. "अगं वेडे, मीच कधीची तोंड उघडायला घाबरत होते. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. उजवाही कुरकुरतोय. सगळ्यांना तीन-तीनदा विचारावं लागायचं, आणि तुम्हाला वाटायचं मावशी फार आपुलकीने बोलते! मिस्त्रीला दोनदा भलत्याच घरी पाठवलं मी. विचार त्याला."

"तीनदा," मिस्त्री आतून म्हणाला. "एके ठिकाणी चहा मिळाला म्हणून बोललो नाही."

"पाठ धरते, पाय सुजतात. पण मी उठले तर पोरीचं दुकान बसेल, या धसक्याने बसून राहिले." मावशीने पदराने डोळे टिपले. "सुटले बाई."

"आणि मी?" बारकी हसत की रडत म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं होतं. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"त्या पोरीसाठी. तिला फोनामागे पैसे मिळतात. कितीतरी दुकानांचे फोन घेते, एक ठेवला की दुसरा वाजतो. पाणी प्यायला उठायची सोय नाही. माझ्याशी बोलायचं तेवढाच तिला विसावा. तुला सांगितलं असतं, तर तू खोटे फोन बंद केले असतेस. हो की नाही?"

काम स्वस्तात झालं याचा बारकीला आनंद होता. ते कुणाच्या घशाला कोरड पाडून होतंय, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"पण खोटं ते खोटंच," मावशी म्हणाली. "ते मला रोज देवापुढे बसलं की आठवतं. त्याचं काहीतरी कर."

मिस्त्रीच बाहेर आला. "ताई, ती मुलगी तक्रार लिहून पाठवते 'मशीन चालत नाही' एवढीच. मी सामान घेऊन जातो, तर कधी नळ बंद, कधी पिन निघालेली. मावशी हे फोनवरच काढून घ्यायच्या. माझे निम्मे हेलपाटे वाचायचे."

बारकीने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. जुन्या नंबरवरचे ते फोन खरे करायचे होते: आमच्या मावशी तुमच्या मुलीला रोज दुपारी शिकवतील, तक्रार आली की काय काय विचारायचं ते. पैसे तेवढेच, फोनामागे. आणि तो वेळ संपेपर्यंत तिच्याकडे दुसऱ्या दुकानाचा फोन वळवायचा नाही.

पलीकडचे साहेब गोंधळले. "मॅडम, शिकवणार तुम्ही आणि पैसेही देणार तुम्हीच?"

"हो. दुसरा फोन वळवणार नाही एवढं लिहून द्या, म्हणजे झालं."

साहेबांनी जरा आढेवेढे घेतले, पण गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून कबूल झाले. बाकीच्या दुकानांचे फोन त्या पोरीला पूर्वीसारखेच घ्यावे लागणार होते. ते काही बारकीच्या हातात नव्हतं. मिस्त्रीचे हेलपाटे मात्र खरंच कमी झाले, आणि त्यातून शिकवणीचे पैसे सुटू लागले.

"आणि माझं दरमहा देतेस ते पाकीट?" मावशीने हळूच विचारलं.

"तो पगार नव्हताच गं कधी."

"नव्हता ना? मग बंद करायचं कारणच नाही," मावशी म्हणाली, आणि मिस्त्री मोठ्याने हसला.

आता मावशी दुपारचीच येते. उजव्या कानाला रिसीव्हर लावून पोरीला मशीनचा पाइप कुठून कुठे जातो ते समजावते. शिकवून झालं की ती चपला पायात सरकवते, मिस्त्रीला दोन शब्द ऐकवते आणि उन्हातून सावकाश घरी चालू लागते. ती वळणापर्यंत जाईतो बारकी दारात उभी असते. मग आत येऊन डबा उघडते आणि पोटभर जेवते.