रडणारं पिल्लू

भिंगरीने काढलेलं पिल्लू इतकं हुबेहूब रडायचं, की कॉलेजच्या पहारेकऱ्याने म्हणे मोबाइलसमोर बशीत दूध ठेवलं होतं. थोड्या वेळाने बशी रिकामी होती, असंही तो शपथेवर सांगतो. आता विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने बघावं.

भिंगरी म्हणजे डिझाइनच्या वर्गातली सगळ्यात चपळ मुलगी. एका जागी ठरत नाही, म्हणून हे नाव. गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप चालवणाऱ्या एका कंपनीने वर्गाला काम दिलं होतं: लोक आठवणी बंद करून निघून जातात, त्यांना थोपवा. ज्याचं काम पसंत पडेल, त्याला नोकरी. भिंगरीने त्या अ‍ॅपसाठी कुत्र्याचं पिल्लू काढलं. गोळी घेतली की ते शेपूट हलवायचं. आठवण बंद करायला गेलं की डोळे भरून बघायचं, मग मुसमुसायचं, मग हुंदके. खरं बंद करायचं बटण सातव्या स्क्रीनवर, तेही फिकट राखाडी. दोनदा ते खुद्द भिंगरीलाच सापडलं नव्हतं. नोकरी खिशात पडल्यासारखी ती वर्गात मिरवत होती.

पण वर्गाला शिकवणाऱ्या बाईंचा एक नियम होता. या बाई तरुणपणी मोठ्या कंपनीत होत्या, आणि तिथे त्यांनी केलेलं एक बटण इतकं मोहक होतं, की माणसं लिफ्टमध्ये शिरल्यावरही तेच शोधत राहायची आणि मजला चुकायची. त्याचं प्रायश्चित्त म्हणून शिकवते, असं त्या हसत सांगत. नियम असा: घरात ज्याच्या जिभेची आपल्याला धास्ती आहे, त्याला आपलं काम आठवडाभर वापरायला द्यायचं. शेवटच्या दिवशी त्याच्या शेजारी हात पाठीमागे बांधून बसायचं. सांगायचं नाही, विचारायचं नाही, नुसतं बघायचं.

भिंगरीची धास्ती म्हणजे तिची आत्या. आत्या घरी पडदे शिवायची, आणि तिच्या बोलण्यापुढे तिची कात्री बोथट वाटायची.

शेवटच्या दिवशी भिंगरी हात बांधून शिलाई मशीनशेजारी बसली. आत्याने आधी सकाळची हकिगत ऐकवली. चक्कर येऊन तिने स्वतःची बाहीच पडद्याला शिवून टाकली होती. तेवढ्यात दारावरची बेल वाजली, तेव्हा ती पडद्यासकट दार उघडायला गेली. शेजारीण तर म्हणते, खिडकीसुद्धा मागोमाग आली होती.

एवढ्यात गोळीची वेळ झाली आणि पिल्लू भुंकलं. आत्याने आठवण बंद करायला घेतली. पिल्लाचे डोळे भरले. दुसरी स्क्रीन, तिसरी स्क्रीन. चौथीवर हुंदके सुरू झाले, तशी आत्याने सुस्कारा टाकून डबी उघडली आणि गोळी हातावर घेतली.

"बंद का करत होतीस?" भिंगरीच्या तोंडून निघून गेलं. अर्धा नियम तिथेच मोडला.

"डॉक्टरांनी चार दिवसांपूर्वीच थांबवलीय ही. रक्तदाब फार खाली जातो म्हणे."

"मग घेतेयस कशाला?"

"अगं, ते रडतंय ना. घेतली की गप्प बसतं बिचारं."

उरलेला अर्धा नियम भिंगरीने आत्याचं मनगट धरून मोडला.

तासाभरात ती बाईंसमोर उभी होती. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, उद्या कंपनीला दाखवू काय? बाईंनी उलट तिलाच विचारलं, पिल्लू कोणासाठी रडत होतं? आत्यासाठी तर नाहीच, हे भिंगरीला कबूल करावं लागलं.

"मग मी काय करू, बाई?"

"ते मी सांगितलं, तर तो माझा निर्णय होईल. नोकरी तुझी जायची आहे, माझी नाही."

भिंगरी चिडली. घरी येऊन तिने सहा स्क्रीन पुसल्या, बाईंना मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि पिल्लाला झोपायला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मॅडम आल्या. भिंगरीने नवं काम दाखवलं. पहिल्याच स्क्रीनवर ठसठशीत बटण होतं: 'डॉक्टरांनी थांबवली'. ते दाबलं की पिल्लू जांभई देऊन अंगाचं मुटकुळं करून झोपी जायचं. मॅडमच्या कपाळावर आठी पडली. लोकांना थोपवायला सांगितलं होतं, हिने तर दारच सताड उघडलं, असं त्यांनी बोलून दाखवलं.

भिंगरीने जुन्या कामाची ठेवलेली प्रत उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला. "हे बंद करून दाखवा. आम्ही काही बोलणार नाही."

अख्ख्या वर्गाने हात पाठीमागे बांधले. मॅडमनी चष्मा चढवला. मग काढला. पिल्लाने असा काही टाहो फोडला, की खालून पहारेकरी बशी घेऊन आला. बाराव्या मिनिटाला मॅडमनी पर्समधून खोकल्याची गोळी काढली, तोंडात टाकली आणि 'घेतली' दाबलं. पिल्लू गप्प झालं. मग आधी बाई हसल्या, आणि सगळ्यांत शेवटी मॅडम.

"आम्ही जाणारी माणसं मोजतो," गोळी गालात सरकवत त्या म्हणाल्या. "त्यातल्या किती जणांना जायलाच हवं होतं, हे कधी मोजलं नाही." त्यांनी भिंगरीला सोमवारी कामावर यायला सांगितलं. "आणि आत्यांनाही घेऊन ये. आमची आणखी बरीच बटणं त्यांना दाखवायची आहेत."

घरी आत्याने हे सगळं मशीन न थांबवता ऐकलं. सोमवारी तिला पडदे पोचवायचे होते, मंगळवारी येईन म्हणाली.

"पण त्या सगळ्यांना सांगून ठेव," ती म्हणाली, "हात मागे बांधून बसायचं."